आईच्या गळ्यातलं बटण दाबल्यावर पुढे काय होतं?

माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मुलगा टोरांटोला असतो. गेल्या पावसाळ्यात पहाटे साडेपाचला ती न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. फोन ओट्यावर होता. पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ मुलानं हौसेनं पाठवलं होतं, ते पलंगाशेजारी चार्जिंगला लावलेलं होतं. साडेआठला कामाच्या ताई आल्या, बेल वाजवत राहिल्या, मग शेजारच्या काकांना बोलावलं. दाराला आतून कडी होती. सुतार येऊन ती तोडेपर्यंत आणखी पाऊण तास गेला.

तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले, अमेरिकेत गेलेल्या वर्गमैत्रिणी मला एकच विचारतात, "कुठलं घड्याळ घेऊ?" जाहिरातींत घड्याळं, लॉकेटं, भिंतीवरची लाल बटणं, 'चोवीस तास सुरक्षा' असं सगळं एकाच दमात येतं आणि माणूस भांबावून जातो. ज्यांचे आईवडील एकटे किंवा दोघंच राहतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

## ही यंत्रणा म्हणजे काय?

इंग्रजीत 'मेडिकल अलर्ट सिस्टीम' म्हणतात त्या गोष्टीचे तीन तुकडे असतात. अंगावर किंवा घरात असलेलं एक बटण, त्या बटणाचा निरोप वाहून नेणारी लाइन म्हणजे मोबाईलचं नेटवर्क, वायफाय किंवा टेलिफोन, आणि पलीकडे तो निरोप घेऊन हालचाल करणारं माणूस. हे माणूस मुलगा असेल, शेजारी असेल किंवा पैसे घेऊन लक्ष ठेवणारं एखादं कॉल सेंटर असेल.

विहिरीतून पाणी काढायचं तर पोहरा, दोर आणि ओढणारे हात तिन्ही लागतात. पोहरा कितीही भारी आणला आणि दोर पाण्यापर्यंत पोचलाच नाही, तर घागर रिकामीच राहते. दुकानात आपल्याला फक्त पोहरा दाखवतात. किंमत, रंग, स्क्रीन, पावलं मोजणं, हृदयाचे ठोके हे सगळं पोहऱ्याचं वर्णन आहे. दोर आणि हात कुणाचे, हे आपणच विचारावं लागतं.

## पडल्याचं घड्याळाला कळतं कसं?

एसटीत डोळे मिटून बसलं तरी गाडी कधी सुटली, कधी वळली, ब्रेक कधी लागला हे अंगाला कळतं. घड्याळातल्या एका बारीक चिपलाही वेगातला बदल असाच कळतो. माणूस पडतं तेव्हा क्षणभर अंग मोकळं खाली येतं, मग जोराचा दणका बसतो आणि त्यानंतर हालचाल थांबते. मोकळं येणं, दणका, शांतता हा क्रम दिसला की यंत्र समजतं, माणूस पडलं. याला 'फॉल डिटेक्शन' म्हणतात.

ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. पडल्याचा संशय आला की घड्याळ मनगटावर टकटक करून विचारतं. साधारण मिनिटभर काहीच हालचाल दिसली नाही, तर ते स्वतःहून आपत्कालीन नंबर लावतं. वय ५५ किंवा त्याहून जास्त नोंदवलेलं असेल तर सोय आपोआप चालू होते, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. इतर कंपन्यांच्या घड्याळांची आणि लॉकेटांची रीतही थोड्याफार फरकानं अशीच आहे.

पण म्हातारी माणसं नेहमी दणकून पडत नाहीत. चक्कर आली की भिंतीला टेकत टेकत खाली बसतात, पलंगावरून घसरत घसरत जमिनीवर येतात. यात दणका नाही, म्हणून बरीच यंत्रं गप्प राहतात. उलट सोफ्यावर धपकन बसलं किंवा आरतीला जोरजोरात टाळ्या वाजवल्या की एखादं यंत्र उगाच ओरडतं. सगळी पडणी ओळखता येत नाहीत, हे ॲपल स्वतःच सांगतं. म्हणून आपोआप ओळखणारं यंत्र घेतलं तरी हातानं दाबायचं बटण त्यावर असलंच पाहिजे, आणि ते चष्म्याशिवाय, अंधारात, थरथरत्या बोटानं दाबता आलं पाहिजे. स्क्रीनवरचं गुळगुळीत बटण ओल्या बोटांना दाद देत नाही. बोटाला लागेल असं उंचवट्याचं खरं बटण मला केव्हाही जास्त भरवशाचं वाटतं.

## एवढी घाई कशासाठी?

पडल्यानं होणारी इजा एक आणि पडून राहिल्यानं होणारी दुसरी. ही दुसरी आपल्या लक्षातच येत नाही. कडक फरशीवर तासन्‌तास एकाच कुशीवर राहिलं की दाबले गेलेले स्नायू खराब होऊ लागतात आणि त्यातून सुटणारी द्रव्यं मूत्रपिंडावर येतात. पाणी मिळत नाही. कातडीवर जखमा होतात. ओल्या फरशीवर अंग गार पडतं. आणि पडण्याचं कारणच पक्षाघात असेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. आत्याला नशिबानं पक्षाघात नव्हता. असता, तर ते औषध मिळण्याची बहुतेक वेळ दार उघडेपर्यंतच संपली असती.

ब्रिटनमध्ये केंब्रिजला ९० वर्षांवरच्या ११० माणसांवर वर्षभर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला आणि २००८ साली तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्या वर्षात जी माणसं पडली, त्यातली ३० टक्के निदान एकदा तरी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होती. मदतीची बटणं पुष्कळांकडे होती, पण खूप वेळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ती दाबली गेली नाहीत. मी हे वाचलं तेव्हा आत्याचं चार्जिंगला लावलेलं घड्याळ डोळ्यांपुढे आलं. यंत्र घरात येणं आणि ते उपयोगी पडणं यांत फार मोठं अंतर आहे.

## बटण दाबल्यावर फोन कुणाला जातो?

खरेदीआधी सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवा.

पहिला प्रकार म्हणजे घरच्यांना फोन जाणारी यंत्रं. तीन-चार नंबर भरून ठेवायचे, बटण दाबलं की ओळीनं फोन लागतात. दरमहा शुल्क नाही, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण यादीतला पहिला नंबर टोरांटोचा असेल आणि तिथे तो सिनेमागृहात असेल तर? पहिला नंबर नेहमी दहा मिनिटांत चालत पोचू शकणाऱ्या माणसाचा हवा. मुलाचा नंबर तिसरा किंवा चौथा असला तरी चालेल. याचं मुलांना वाईट वाटतं, ते मी पाहिलं आहे. शेजारच्या काकूंना आपल्या आधी फोन जावा, हे मनाला पटवावं लागतं. शिवाय पहिला फोन व्हॉइसमेलवर गेला तर यंत्र तो 'उचलला' असं समजतं की पुढचा नंबर लावतं, हेही विचारून घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे कॉल सेंटर. तिथला माणूस बोलतो, चौकशी करतो, रुग्णवाहिका पाठवतो, तुम्हाला कळवतो. चांगलं केंद्र असेल तर याला तोड नाही. पण विचारा. रात्री तीन वाजता फोन उचलणारं माणूस मराठी बोलतं का? घाबरलेली, दुखणाऱ्या खुब्याची आई हिंदी-इंग्रजीत पत्ता सांगू शकेल का? ते स्वतःची रुग्णवाहिका पाठवतात, की फक्त १०८ लावून देतात? तेवढंच करणार असतील, तर त्याचे पैसे कशाला? आणि त्यांचा फोन कोणत्या नंबरवरून येईल? सध्या फसवणुकीच्या भीतीनं आईवडील अनोळखी नंबर उचलतच नाहीत आणि ते बरोबरच करतात. केंद्राचा नंबर त्यांच्या फोनमध्ये ठळक नावानं साठवून ठेवला नाही, तर पैसे देऊन घेतलेल्या मदतीचाच फोन आई कापून टाकेल.

तिसरा प्रकार म्हणजे थेट सरकारी आपत्कालीन नंबर. ११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळं येतं. महाराष्ट्रात १०८ ची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. हा मोठा आधार आहे. पण हे आखूड नंबर जिथून फिरवावेत तिथल्याच केंद्रात जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बंगळुरूतून १०८ लावला तर कर्नाटकातलं केंद्र फोन घेतं, आणि टोरांटोहून १०८ फिरवून डोंबिवलीत काहीच येत नाही. दूर राहणाऱ्या मुलांनी आईच्या घराजवळच्या दोन इस्पितळांचे, तिथल्या रुग्णवाहिकांचे, शेजाऱ्यांचे आणि सोसायटीच्या वॉचमनचे पूर्ण नंबर +९१ सकट आजच फोनमध्ये भरून ठेवावेत. याला एक रुपयाही लागत नाही. एखादं कॉल सेंटर दुसऱ्या शहरात असेल तर त्यांनाही हीच अडचण येते. ते ती कशी सोडवतात, हे विचारायलाच हवं.

याच कारणानं अमेरिकेतून येताना तिथली यंत्रणा बॅगेत घालून आणू नका. ती तिथल्या सिमशी आणि तिथल्या केंद्राशी बांधलेली असते. ते केंद्र ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन करण्यासाठी उभारलेलं आहे. नाशिकच्या गल्लीत रुग्णवाहिका पाठवणं त्याच्या हातात नाही.

## दार कोण उघडणार?

परदेशी लेखांत या मुद्द्यावर एखादं वाक्य असतं. आपल्याकडे सगळं घोडं इथेच अडतं. जाळीचं सेफ्टी डोअर, आत लाकडी दार, त्याला लॅच, वर कडी, खाली बोल्ट. बटण वेळेवर दाबलं, फोन वेळेवर लागला, काकू धावत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या!

लॅच बाहेरून किल्लीनं उघडतं, कडी उघडत नाही. म्हणून रात्री कडी-बोल्ट न लावता फक्त चांगलं, भक्कम लॅच लावायचं, आणि किल्ल्या दोन घरी ठेवायच्या. एका घरी नको, कारण ते घर नेमकं दिवाळीला गावी गेलेलं असतं. सेफ्टी डोअरची किल्लीही त्याच जुडग्यात हवी.

"कडी नाही लावली तर चोर येतील," असं आई म्हणेलच. तिची भीती खोटी नाही. बाहेरून किल्लीनं आणि आतून मुठीनं उघडणारं, तीन-चार दांड्यांचं कुलूप बसवून घेतलं तर दोन्ही साधतं. आकड्यांवर उघडणारी डिजिटल कुलपंही आली आहेत. पडल्यावर शेजाऱ्यांना फोनवर आकडा सांगता येतो, मात्र त्यांच्या बॅटरीकडे कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. आणि न्हाणीघराची आतली कडी? ती काढूनच टाका. एकट्या राहणाऱ्या माणसाला तिची गरज नाही.

पत्त्याचंही तसंच. यंत्रातलं जीपीएस आकाशातल्या उपग्रहांवरून जागा ओळखतं, पण इमारतीच्या आत ते चुकतं आणि मजला तर सांगतच नाही. 'मारुतीच्या देवळामागची दुसरी गल्ली, बी विंग, तिसरा मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही' असा पत्ता लिहून केंद्राकडे, शेजाऱ्यांकडे आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असावा. त्याच कागदावर औषधं, रक्तगट आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरांत लिहा. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टर तेच आधी विचारतात.

## न्हाणीघर, चार्जिंग आणि गळ्यातली दोरी

आपल्या माणसांची सवय अशी की अंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवायचं. आणि ओली फरशी, साबण, उंबरठा, वाकून उचलायची बादली सगळं तिथेच. म्हणून यंत्र पाण्याला टिकणारं हवं. खोक्यावर 'आयपी६७' असं लिहिलेलं असेल, तर ते मीटरभर पाण्यात अर्धा तास तगण्याच्या कसोटीला उतरलेलं असतं. बादलीच्या अंघोळीला ते पुरेसं आहे.

वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ अंघोळीला उतरत नाही, झोपतानाही उतरत नाही. यंत्र तसं अंगावर राहिलं तर उपयोग. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ इथे मागे पडतं, कारण रोज एकदा ते अंगावरून उतरणारच. साधं बटणाचं लॉकेट बॅटरीवर कितीतरी जास्त दिवस चालतं. घड्याळच घ्यायचं असेल, तर दुपारी खुर्चीत बसून टीव्ही बघताना चार्ज करायची सवय लावा. रात्री कधीही नको, कारण रात्री-पहाटे उठून लघवीला जाताना पडण्याचा धोका मोठा असतो. लॉकेटची दोरी ओढ बसल्यावर सुटणारी हवी, म्हणजे दाराच्या मुठीत अडकून गळ्याला फास बसणार नाही.

आणि न्हाणीघरात भिंतीवर एक बटण बसवायचं ठरलं, तर ते छातीच्या उंचीवर बसवू नका. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. फरशीपासून वीतभर वर, किंवा जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या दोरीचं घ्या.

## रेंज, वीज, रिचार्ज

जुना तांब्याच्या तारेचा टेलिफोन वीज गेली तरी चालायचा. आता फायबर आहे. दिवे गेले की राउटर बंद, राउटरबरोबर वायफायवरची यंत्रं बंद. वायफायवर चालणारं काही घेणार असाल तर राउटरला छोटी बॅटरी लावून घ्या. सिमवर चालणारं यंत्र असेल तर न्हाणीघराचं दार लावून, आत खाली बसून रेंज तपासा, कारण दिवाणखान्यातल्या चार दांड्या तिथे एकवरही येतात. काही जुन्या बनावटीची स्वस्त यंत्रं फक्त टू-जीवर चालतात. जिओचं टू-जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे त्यांत जिओचं सिम घालून उपयोग नाही. अमेरिकेत २०२२ साली थ्री-जी बंद झालं तेव्हा त्यावर अवलंबून असलेली जुनी यंत्रं बदलावी लागली होती. फोर-जीवर चालणारंच घ्या.

यंत्रातल्या सिमचं रिचार्ज संपतं आणि कुणाला पत्ताच नसतो, कारण त्या नंबरवर कधी कुणी बोलतच नाही. ते तुमच्या नावावर आपोआप भरलं जाईल अशी सोय करा.

## "मोबाईल आहे की तिच्याकडे!"

आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यावाच. भारतात २०१६ साली झालेल्या नियमांनुसार मोबाईलमध्ये संकटाचं बटण असायला हवं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. आईच्या फोनवर ते कसं चालतं हे सेटिंगमध्ये आधी पाहा. गंमत म्हणून दाबून पाहू नका, खरंच ११२ ला फोन जातो. पण मोबाईल अंगावर नसतो. आत्याचाही नव्हता. साडीला खिसा नसतो, आणि गाउनला असला तरी अंघोळीला कोण नेतं?

## "मग कॅमेराच लावला तर?"

लावू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी विचारा. स्वतःच्या घरात कपडे बदलताना, रडताना, दुपारी पाय पसरून झोपताना मुलगा बघत असेल, ही जाणीव फार जड असते. शिवाय जिथे धोका जास्त, त्या न्हाणीघरात कॅमेरा लावता येत नाही. आणि कॅमेरा दाखवतो, हाक मारत नाही. तुम्ही बघाल तेव्हाच दिसणार. विस्मरणाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी आहे. अशा माणसाला बटण दाबायचं आठवणारच नाही. तिथे दार उघडल्यावर किंवा ठरलेल्या हद्दीबाहेर गेल्यावर कळवणारी यंत्रं जास्त कामाची, आणि खरं तर सोबतीचं माणूस.

## "मी काय आजारी आहे?"

सगळ्यात अवघड आक्षेप हाच, आणि तो आईबाबांचा असतो. गळ्यात बटण घालणं म्हणजे आपण थकलो हे चारचौघांत कबूल करणं, असं त्यांना वाटतं. "उगाच कुणाला कशाला त्रास," हे दुसरं वाक्य. ते तर पडल्यानंतरही तोंडात येतं! आत्या हाकसुद्धा मारत नव्हती, पहाटे शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून.

त्यांना न विचारता पार्सल पाठवलं तर ते कपाटात जातं. दोन-तीन नमुने समोर ठेवून त्यांनाच निवडू द्या. किल्ली कुणाकडे ठेवायची, पहिला फोन कुणाला जायचा, हेही त्यांनीच ठरवावं. आत्यानं पहिला नंबर ज्या काकूंचा दिला, त्यांच्याशी तिचं भांडण आहे असं आम्ही सगळे समजत होतो.

## पैसे देण्याआधी

यंत्राची किंमत, सिमचं रिचार्ज, कॉल सेंटरचं शुल्क आणि बॅटरी यांचा तीन वर्षांचा हिशेब एकत्र मांडा. पहिल्या दिवशी स्वस्त वाटणारं यंत्र वर्षभरात महाग पडलेलं मी पाहिलं आहे. मध्येच बंद केलं तर पैसे परत मिळतात का, कंपनी बंद पडली तर यंत्र नुसत्या सिमवर चालतं का, हे लेखी घ्या. आईची तब्येत, ठावठिकाणा, दिनक्रम ही माहिती ते कुणाला देतात, हेही विचारा. त्यासाठी २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, म्हणून माहिती कशासाठी वापरणार हे विचारायला संकोच नको. एवढ्यानं विक्रेता वैतागला, तर त्याच्याकडून घेऊ नका.

आणि घेतल्यावर परीक्षा घ्या. दिवसा एकदा, रात्री अकराला एकदा. शेजाऱ्यांना आणि केंद्राला आधी सांगून, आईला न्हाणीघरात स्टुलावर बसवून बटण दाबायला लावा आणि घड्याळ लावून पाहा, खरं माणूस तिच्याजवळ पोचायला किती मिनिटं लागली.

आत्याच्या घरी आम्ही ही परीक्षा घेतली तेव्हा पहिल्यांदा सतरा मिनिटं लागली. काकूंना सेफ्टी डोअरची किल्ली सापडत नव्हती. आता जुडग्याला लाल दोरा बांधला आहे. आत्याच्या गळ्यात काळ्या दोरीत एक साधं लॉकेट आहे, ती ते पदराआड ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ती बटण दाबते. काकू किल्लीनं दार उघडून आत येतात, तोवर गॅसवर दोघींचा चहा चढलेला असतो. मागच्या रविवारी चार मिनिटं लागली.